मेल गेला, पोच नाही : संपादकाकडून उत्तरच येत नसेल तर काय काय तपासायचं

लक्षण ओळखीचं आहे. लेख लिहून होतो, दोन जाणकार 'बरा झालाय' म्हणतात, मेल जातो आणि पुढे काहीच होत नाही. होकार नाही, नकार नाही, 'मिळाला' एवढा शब्दही नाही. महिनाभर थांबून दुसरीकडे पाठवावा, तर तिथेही तेच. पूर्वी तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडलं की लेख निदान 'साभार परत' तरी यायचा. पोस्टमनच्या हातातलं ते जाड पाकीट लांबून दिसलं की कळायचं. आता तेवढंही कळत नाही.

मी ऐरोलीत राहते. मराठीत लिहून पैसे मिळवते त्याला अकरा वर्षं झाली. त्याआधी दीड वर्ष एका दैनिकाच्या पुरवणीच्या टेबलावर उपसंपादक होते. म्हणजे उत्तराची वाट बघणं आणि उत्तर न देणं, दोन्ही करून झालंय. टेबलावर असताना मी किती जणांना उत्तर दिलं नाही, ते आठवलं की आज लाज वाटते. पण का दिलं नाही, तेही नीट आठवतं. हे लिहितेय ते त्या आठवणीच्या जोरावर.

उत्तर आलं नाही की लिहिणारा पहिल्यांदा लेखच उघडतो. पहिला परिच्छेद बदलतो, शीर्षक बदलतो, एखादी कवितेची ओळ घालतो. लेख तेवढा आपल्या हातात असतो, म्हणून दुरुस्तीही त्याचीच होते. खोट बहुतेक वेळा लेखात नसते, लेख जातो त्या वाटेत असते. चुकीच्या माणसाकडे गेला, उघडलाच नाही, उघडला पण त्यावर काय ठरवायचं ते कळलं नाही, किंवा वेळ टळून गेली. यातलं नेमकं काय झालं ते शोधायचं, आणि तेवढंच दुरुस्त करायचं.

आधी 'सेंट' उघडा

मे महिन्यात घणसोलीचा एक मुलगा भेटायला आला. महापेच्या एका कंपनीत रात्रपाळी करतो आणि सकाळी झोपायच्या आधी लिहितो. ऐरोली स्टेशनबाहेर चहा घेत होतो.

"ताई, सतरा ठिकाणी पाठवलाय. एकाचंही उत्तर नाही."

"सतरा मेल पाठवलेस, की एक मेल सतरा जणांना?"

तो गप्प. मोबाइल पुढे केला. एकच मेल होता. 'टू'च्या रकान्यात सतरा पत्ते, सगळे सगळ्यांना दिसतील असे. त्यात एकमेकांचे कट्टर स्पर्धक शेजारी शेजारी बसलेले. मला हसू आवरेना, पण त्याचा चेहरा बघून चहात तोंड घातलं.

हे टेबलावरून कसं दिसतं ते सांगते. पुरवणीत लेख लावला आणि त्याच रविवारी तोच लेख दुसऱ्या पेपरात आला, तर सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये बोलणी उपसंपादकाला बसतात. असं एकदा झालं की तो लेखक नावानिशी लक्षात राहतो, आणि चांगल्या कारणाने नाही. त्यामुळे सतरा पत्ते दिसले की वाचायच्या आधीच मेल मिटतो. एका वेळी एका ठिकाणी पाठवायचं. मराठीत हा नियम अजून लोक पाळतात, आणि न पाळणारा सापडतोच, कारण ही सगळी मंडळी एकमेकांना ओळखतात.

'सेंट'मध्येच आणखी काही गोष्टी दिसतात. विषयाच्या ओळीत नुसतं 'लेख' लिहिलंय का? ड्राइव्हची लिंक दिली असेल तर ती दुसऱ्याच्या फोनवर उघडते का, की परवानगी मागते? लिंकची परवानगी मागत बसायला टेबलावर कुणाला वेळ नसतो. वहीच्या पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ केली आहे का? ती कुणीतरी टाइप करून घ्यायची असते, आणि ते कुणीतरी हल्ली नसतं.

पत्त्याचंही तेच. पेपरच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची ओळ असते. तिथलं नाव बघून पुष्कळ जण मुख्य संपादकाला लिहितात. पण घर, आरोग्य, पर्यटन, मुलांचं पान हे तो माणूस ठरवत नाही. पुरवणीचा मेल पत्ता पुरवणीतच छापलेला असतो, कोपऱ्यात कुठेतरी. तो नसेल तर कार्यालयाच्या बोर्डाच्या नंबरवर फोन करून 'रविवारची पुरवणी कोण बघतं?' एवढंच विचारायचं. त्या फोनवर लेखाविषयी एक शब्दही बोलू नका. नाव आणि पत्ता घ्या, आभार माना, ठेवून द्या.

फाँटची कटकट

हा भाग छोटा आहे, पण यात माणसं अडकतात. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेला मजकूर बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात असतो. तो फाँट समोरच्याकडे नसला की तुमचा लेख इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी म्हणून उघडतो. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर नीट दिसणाऱ्या मराठीत टाइप करा, वर्डची फाइल जोडा, आणि पाठवायच्या आधी ती दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर उघडून बघा.

युनिकोडमध्येही 'ऱ्य' बघून घ्यावा लागतो. मी टेबलावर असताना लग्नाच्या पंगतींवरचा एक लेख आला होता. त्यात रात्रभर भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या आचाऱ्यांचं कौतुक होतं. पानावर मजकूर गेला आणि सगळीकडे 'आचार्यांचं' झालं. 'आचार्यांनी पहाटे चारला कढईत तेल ओतलं.' सुदैवाने प्रूफ वाचणारे काका जागे होते.

खरी गाठ : मेलमध्ये काय लिहिलंय

इथे जरा थांबते, कारण घणसोलीच्या मुलाचा मेल हा मला येणाऱ्या निम्म्या मेलांचा सख्खा भाऊ होता. त्याच्या परवानगीने देते :

*विषय : लेख*
*मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार. मी एक नवोदित लेखक असून मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे. सोबत माझा 'ऐरोली खाडीतील परदेशी पाहुणे' हा लेख जोडत आहे. तरी आपल्या लोकप्रिय दैनिकात त्यास प्रसिद्धी देऊन उपकृत करावे. काही चुकल्यास क्षमस्व. आपला नम्र.*

नम्रपणाविषयी माझं काही म्हणणं नाही. पण हा मेल उघडणाऱ्याला यातून काय कळलं? पक्ष्यांवर काहीतरी आहे. किती शब्दांचं, कुठल्या पानासाठी, यात नवं काय, फोटो आहेत का, दुसरीकडे गेलंय का, यातलं काही नाही. ते कळायला अटॅचमेंट उघडून दीड हजार शब्द वाचावे लागतील. दुपारी दोन वाजता पान लावायला बसलेला माणूस म्हणतो, 'नंतर बघू.' ते नंतर कधी येत नाही. मी हेच करत होते.

शीर्षकावर तर मी त्याला चांगलंच धरलं. फ्लेमिंगोंच्या मोसमात 'परदेशी पाहुणे' नावाचे लेख पुरवण्यांच्या टेबलांवर थव्याने उतरतात. शिवाय आपल्या खाडीत येणारे बरेचसे फ्लेमिंगो कच्छकडून येतात. कच्छ परदेशात कधी गेलं?

आणि 'उपकृत करावे'. हे दोन शब्द मला सगळ्यात महाग वाटतात. उपकार मागून झाल्यावर बिल कुठल्या तोंडाने पाठवणार? पैसे का मिळत नाहीत याचं एक कारण पहिल्या मेलच्या भाषेतच असतं. आपण प्रसिद्धी मागतो, समोरचा प्रसिद्धी देतो, व्यवहार तिथेच मिटतो.

मग मी त्याचा लेख वाचला. पक्ष्यांची लांबी-रुंदी, गुलाबी रंग कशामुळे, अभयारण्य कधी जाहीर झालं. सगळं बरोबर आणि सगळं कुठेही मिळणारं. सहाव्या परिच्छेदात एक वाक्य होतं : 'आमच्या बोटवाल्याने भरतीची वाट पाहायला सांगितली.'

"या बोटवाल्याशी काय बोललास?"

"तसं खूप बोललो ताई. त्याचे वडील याच खाडीत जाळं टाकायचे. त्याला घड्याळाची ड्युटीच नाही. पाणी चढलं की बोट. त्यामुळे रोज वेगळी वेळ. बायको त्याला म्हणते, तुझी नोकरी चंद्र ठरवतो."

"मग हे लेखात का नाही?"

"ते पक्ष्यांबद्दल नव्हतं ना."

त्या टपरीवरच आम्ही नवा मेल लिहिला. लेख जोडला नाही. संपादकाला आधी विषय विचारायचा, होकार आला की लिहायचं :

*विषय : रविवार पुरवणीसाठी विषय : रोज ५० मिनिटं पुढे सरकणारी ड्युटी (ऐरोली खाडी, ९०० शब्द)*

*नमस्कार मॅडम,*
*ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो दाखवायला नेणारी बोट घड्याळावर सुटत नाही, भरतीवर सुटते. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून बोट चालवणाऱ्या कोळी तरुणाची ड्युटीही रोज तेवढीच सरकते. आज सकाळी सातला, तर आठवड्याने दुपारी एकच्या सुमारास. त्याचे वडील याच खाडीत मासेमारी करायचे. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. या काळात एका घराचं खाडीशी नातं कसं बदललं, यावर ९०० शब्दांचा लेख देऊ शकेन.*
*त्याच्या बोटीवर मी दोन फेऱ्या केल्या आहेत, बोलणं रेकॉर्ड केलं आहे, लिहायला त्याची हरकत नाही. त्याच्या वडिलांना अजून भेटायचं आहे. मी काढलेले चार फोटो देऊ शकेन. होकार आल्यापासून दहा दिवसांत लेख देतो.*
*मी घणसोलीत राहतो. याआधी छापून आलेल्या एका लेखाचं कात्रण जोडलं आहे. हा विषय सध्या फक्त तुम्हालाच विचारतो आहे. पंधरा दिवसांत कळवलंत तर बरं होईल. मानधनाचं स्वरूपही कळवावं.*
*नाव, मोबाइल*

मोबाइलवर दीड स्क्रीन. वाचायला मिनिटभर लागतं, आणि वाचणाऱ्याला 'हो', 'नाही' किंवा 'सातशे शब्दांत जमेल का' असं काहीतरी लगेच म्हणता येतं. वडिलांना अजून भेटायचंय, हेही मुद्दाम लिहिलं. जे झालं नाही ते झालंय म्हणून सांगितलं की पुढे तोंडघशी पडायला होतं. कात्रण नसेल तर नसू दे. 'नवोदित' म्हणून मात्र सांगत बसू नका. तुम्ही नवे आहात हे त्यांना कळेलच, आणि विषय चांगला असला तर त्याचं त्यांना काही वाटत नाही.

ललित लेख, कथा, कविता यांना हे लागू नाही. तिथे कल्पना विचारून कुणी होकार देत नाही, पूर्ण लिखाणच पाठवावं लागतं. पण तिथेही दोन ओळींचं पत्र, शब्दसंख्या आणि 'इतरत्र पाठवलेलं नाही' एवढं हवंच.

वेळ चुकली का?

रविवारच्या पुरवणीची पानं साधारण गुरुवार-शुक्रवारपर्यंत लागलेली असतात. म्हणून बुधवार ते शुक्रवार मेलही नको, फोनही नको. सोमवार-मंगळवारची सकाळ बरी. दैनिकात संध्याकाळी पाचनंतर फोन करणं म्हणजे लग्नघरी अक्षता पडताना मुलीच्या वडिलांना हॉलच्या भाड्याचं विचारण्यासारखं आहे.

सणावारांचे आणि दिनविशेषांचे विषय निदान महिनाभर आधी विचारावेत. गणपतीवरचा लेख गणपती बसल्यावर पाठवणारे दरवर्षी असतात.

दिवाळी अंकाचं कोष्टक वेगळं आहे. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. पण अंक दिवाळीत येतो म्हणून लेख दिवाळीच्या तोंडावर पाठवायचा नसतो. नावाजलेल्या अंकांचे विषय उन्हाळ्यातच ठरू लागतात, पावसाळ्यात लेख गोळा होतात, आणि गणपतीनंतर प्रूफं, जाहिराती आणि छपाई यांची धावपळ सुरू होते. सप्टेंबरात पाठवलेला लेख चांगला असला तरी त्याला जागा नसते. विषय विचारायला एप्रिल-मे धरा.

आठवण कधी करायची? पुरवणीला दोन आठवड्यांनी, मासिकाला महिन्याने. त्याच मेलला उत्तर देऊन, एका ओळीत. दुसऱ्या आठवणीनंतरही शांतता असली तर अर्थ 'नाही' असा घ्यायचा, पण तसं लिहून मोकळं व्हायचं : 'हा विषय आता मी इतरत्र विचारतो आहे, कळावे.' या ओळीने दोनदा माझं काम झालंय. महिनाभर गप्प असलेले संपादक तासाभरात जागे झाले. नाही झाले तरी तुम्ही दुसरीकडे जायला मोकळे.

कुणाला विचारायचं तेच माहीत नसेल तर

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं आहे. मी कॉलेजात असताना ट्रेनने ठाण्याला जाऊन तिथल्या वाचनालयात बसायचे. आजही नव्या माणसाला मी सांगते, संपादकांची यादी इंटरनेटवर शोधण्याआधी एक शनिवार वाचनालयात घालव. नियतकालिकं हातात घे आणि अनुक्रमणिका वाच. त्यात तुला माहीत नसलेली नावं किती आहेत? सगळीच ओळखीची असतील तर तो अंक निमंत्रितांचा आहे, तिथे वर्ष घालवू नकोस. निम्मी अनोळखी असतील तर दार उघडं आहे. मग लेखकांच्या परिचयाच्या ओळी वाच. शिक्षक, डॉक्टर, एसटीचे निवृत्त कर्मचारी असे लोक दिसले तर तिथे विषयाला किंमत आहे. दिवाळीनंतर बरीच वाचनालयं वर्गणी घेऊन दिवाळी अंकांची योजना चालवतात. एवढे अंक एकत्र चाळायची तीच वेळ.

दुसरं म्हणजे, पैशाचं लिखाण म्हणजे फक्त पेपर आणि मासिकं नव्हेत. माझ्या वर्षाच्या कमाईत लेखांचा वाटा निम्म्याहून कमी आहे. बाकी येतं ते संस्थांच्या अहवालांचं मराठी करण्यातून, माहितीपटांच्या संहितेतून, रुग्णालयाच्या सूचनापत्रकांतून, एखाद्या शाळेच्या किंवा सोसायटीच्या स्मरणिकेच्या संपादनातून. वाशी-बेलापूरकडे कार्यालयं भरपूर, आणि त्यांना लोकांना समजेल असं मराठी लागतं. जे त्यांना मिळतं ते वाचवत नाही. आकाशवाणीवरच्या भाषणालाही मानधन असतं; तिथे संहिता आधी द्यावी लागते आणि रीतसर करार होतो. हे काम कौतुकाचं नसतं, पण घराचा हप्ता यातूनच जातो.

उलट्या दिशेच्या जाहिरातीही भेटतील : 'घरबसल्या लेखन, नोंदणी शुल्क फक्त इतके.' लिहिण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले की तिथेच मागे फिरा. 'नमुना म्हणून दीड हजार शब्द आमच्या विषयावर लिहून द्या, पसंत पडलं तर पैसे' हाही त्याच जातीचा प्रकार. छापून आलेलं काही दाखवा, फार तर दोनशे शब्द लिहून द्या.

छापून आलं, पैसे आले नाहीत

माझा एक लेख काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात आला. तीन महिने थांबून मी भीतभीत फोन केला. पलीकडून अगदी प्रेमाने उत्तर आलं, "ताई, अंक पाठवले होते ना दोन? ते मिळाले नाहीत का?" मिळाले होते. तेच मानधन होतं.

चूक माझी, मी आधी विचारलं नव्हतं. आपल्याकडे सरस्वतीच्या दारात लक्ष्मीचं नाव काढायला माणूस लाजतो. आता मी होकार आल्याच्या दिवशी, लिहायला बसण्यापूर्वी, एवढंच लिहिते : 'विषय पसंत पडल्याचा आनंद आहे. मानधन किती आणि लेख छापल्यानंतर साधारण किती दिवसांनी मिळतं, ते कळवाल का? बिल कुणाच्या नावे करू?' शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. बिल म्हटलं की समोरच्यालाही कळतं की हा व्यवहार आहे. 'मानधन देऊ शकत नाही' असं उत्तर आलं तर राग मानायचा नाही, मग तुमचा निर्णय तुमचा. मी अजूनही एका छोट्या अंकासाठी फुकट लिहिते. पण ते मला लिहिण्याआधी माहीत असतं.

पैसे अडकले की आपण संपादकाला फोन करतो. पैसे संपादक देत नाही, अकाउंट्सवाले देतात, आणि त्यांच्यापुढे तुमचा लेख नसतो, कागद असतो. बिल क्रमांक, तारीख, लेखाचं शीर्षक, छापल्याची तारीख, ठरलेली रक्कम, पॅन, खातं आणि आयएफएससी, सोबत रद्द केलेला चेक. यातलं एक राहिलं की बिल बाजूच्या ट्रेमध्ये जातं आणि ते तुम्हाला कुणी कळवत नाही. दिवाळी अंकांच्या उशिराचं मात्र एक खरं कारण आहे. अंक चालतो जाहिरातींवर, आणि जाहिरातदारांचे पैसेही महिन्यांनी येतात. तिथे फेब्रुवारी-मार्चपर्यंत कळ काढावी लागते.

कंपनीकडून एका वर्षात व्यावसायिक शुल्क ५०,००० रुपयांच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, कापला जातो. एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती. पॅन दिला नाही तर कपात २० टक्के. कापलेले पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरलं की हिशेबात येतात. जीएसटीची भीती घालणारे भेटतात, पण सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. मराठी लेखकाने तिथवर पोचून दाखवावं, मी पेढे वाटीन.

नेहमी लिहिणाऱ्याने उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, करून ठेवावी. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, एक पैसा लागत नाही. पैसे मागणाऱ्या नकली साइटी आहेत, तेवढं बघा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत व्यावसायिकाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे थकवता येत नाहीत, लेखी करार नसला तर १५ दिवसांच्या. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. नोंदणी काम करण्याआधीची हवी. मी तक्रार अजून केलेली नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापायला लागले, तेवढ्यावर मोठ्या कंपन्यांकडची बिलं हलू लागली.

हक्कांचं दोन वाक्यांत सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत नसताना लिहिलेला लेख तुमचा असतो आणि हक्क लेखी, सही केलेल्या करारानेच दुसऱ्याला जातात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, म्हणून 'सर्व हक्क कायमचे' असं वाक्य दिसलं तर सही करण्याआधी रक्कम पुन्हा एकदा बघा.

घणसोलीच्या मुलाचं काय झालं

टपरीवरून मेल गेला तो सोमवार होता. मी त्याला एक वही घालायला लावली : कुठे पाठवलं, कधी, आठवण केव्हा करायची, शेवट काय झाला. त्याने ती मोबाइलवर एक्सेलमध्ये केली, रंगबिरंगी. अकराव्या दिवशी रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. सोबत संपादकांच्या उत्तराचा स्क्रीनशॉट :

'विषय आवडला. पण पक्षी आता परतीला लागले, आत्ता छापून उपयोग नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आठवण करा. ९०० नको, ७०० शब्द. वडिलांना नक्की भेटा. मानधन आमच्या ठरलेल्या दराने, छापल्यानंतर महिन्याने.'

खाली त्याचा प्रश्न : "ताई, हा होकार धरायचा की नकार?"

मी लिहिलं, "दोन नोव्हेंबरचा रिमाइंडर लाव. आणि वडील पावसाळ्यात घरी असतील, तेव्हाच भेटून घे."

त्याने रंग विचारला. एक्सेलमध्ये होकाराला हिरवा होता, नकाराला लाल. याला कुठला द्यायचा, ते मलाही पटकन सुचलं नाही. शेवटी त्याने गुलाबी दिला.